गाय-बैलांच्या जाती ओळखायच्या कशा आणि आपल्याला कुठली झेपेल: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

गाय घ्यायची म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला, "सगळ्यात चांगली जात कुठली?" याला एका शब्दात उत्तर नाही बघा. आधी तुम्हीच पाच गोष्टी सांगा. तुमच्याकडं पाऊस किती, चारा घरचा का विकतचा, दूध डेअरीला घालायचं का घरात खायचं, औताला खोंड पाहिजे का, आणि दिवसभर जनावरामागं राबणारं माणूस घरात आहे का. हे कळलं की जात आपोआप ठरत येते. प्रत्येक जात कुठल्यातरी मातीत, पावसात आणि कामात पिढ्यान्‌पिढ्या तयार झालीय, तिथनं उचलून भलतीकडं नेली की तिचे गुण तसेच राहतील याची काही खात्री नसते.

देशी आणि संकरित, बघून कसं ओळखायचं?

देशी गायीला वशिंड असतं, गळ्याखाली लोंबणारी पोळी असते आणि कातडी सैल, हाताला सरकणारी असते. माशी बसली की तेवढाच भाग थरथरवून उडवते ती. होल्स्टिन किंवा जर्सी या विदेशी गायींची पाठ सरळ रेषेत जाते, वशिंड नाही, पोळी कमी. घोळ होतो तो संकरित, म्हणजे देशी-विदेशी मिसळीच्या गायीत, कारण पहिल्या पिढीत थोडं वशिंड आणि थोडी पोळी दिसतेच, आणि एखादा व्यापारी तांबडी जर्सी क्रॉस "गीर हाय" म्हणून गळ्यात मारतो. अशा वेळी कान बघा, कपाळ बघा, वशिंडाचा आकार बघा, आणि जमलं तर गायीची आई बघा, एकट्या रंगावर विश्वास ठेवू नका.

महाराष्ट्रातल्या जाती कुठल्या आणि कशा ओळखायच्या?

खिलारपासून सुरुवात करतो कारण सोलापूर, सांगली, सातारा या दुष्काळी पट्ट्याचं हे जनावर आहे, कोल्हापूर आणि पलीकडं कर्नाटकात विजापूर, बेळगावपर्यंत पसरलेलं. चेहरा लांब आणि अरुंद, कपाळाच्या मधोमध उभी खोबण, कान लहान आणि टोकदार, शिंगं एकमेकांच्या जवळून निघून मागं जातात आणि मग धनुष्यासारखी वर वळतात, टोकं सुईसारखी. रंग पांढरा ते राखाडी. खांद्यावर आणि मांडीवर काळसर झाक असली की कोसा, डोळ्याभोवती काजळ घातल्यासारखं असलं की काजळी असं लोक म्हणतात. आटपाडी महाल, म्हसवड, तापी खोऱ्यातलं थिल्लारी असे त्याचे पोटप्रकारही सांगतात. अंग सडपातळ, चाल तुरतुरीत आणि स्वभाव तापट. अनोळखी माणूस जवळ आला की आधी कान टवकारले जातात, मग मान वर जाते, आणि मान वर गेली की तुम्ही दोन पावलं मागं सरलेलं बरं. मालकाच्या हातात मात्र तेच जनावर लहान पोराच्या दाव्यानंसुद्धा चालतं.

दुधाचं म्हणाल तर खिलार गायीला एका वेताला (एकदा व्याल्यापासून आटेपर्यंत) साधारण २४० ते ५१५ किलो, म्हणजे वासराला पाजून घरच्या चहापुरतं. दुधासाठी खिलार घ्यायची नाही, खोंडासाठी घ्यायची. बैलगाडा शर्यतबंदीच्या काळात खिलारला गिऱ्हाईक मिळेना म्हणून लोक हळहळत होते, १६ डिसेंबर २०२१ ला सुप्रीम कोर्टानं महाराष्ट्राला शर्यतीची परवानगी दिली, मे २०२३ मध्ये घटनापीठानं कायदाही वैध ठरवला, तेव्हापासून चांगल्या खोंडाला परत मागणी आली. खात्रीचं जनावर बघायचं असेल तर सांगोल्याचा आठवडी बाजार, आणि खरसुंडी, पुसेगावच्या यात्रा.

मराठवाड्यात देवणी. लातूर जिल्ह्यात उदगीर-देवणीकडं आणि शेजारच्या बीदरमध्ये. ही मला मनापासून आवडणारी जात, कारण बैल कामाला दमदार आणि गाय दुधालाही बऱ्यापैकी, वेताला सरासरी ८५०-९०० किलोच्या आसपास. कपाळ थोडं फुगीर, कान लांब आणि खाली झुकलेले, रंगावरनं तीन प्रकार. अंग पांढरं आणि तोंडाच्या बाजूला काळं तो वानेरा, अंग पांढरं पण पोटाखालच्या बाजूला काळे ठिपके तो बालंक्या, आणि सगळ्या अंगावर वेडेवाकडे काळे पट्टे-ठिपके तो शेवेरा. तिन्ही देवणीच, कमी-जास्त शुद्ध असं काही नसतं, त्यामुळं "शेवेरा म्हणजे मिक्स झालेली" असं कुणी सांगून भाव पाडत असेल तर ऐकू नका.

लाल कंधारी नांदेड जिल्ह्यातल्या कंधारची, परभणी-लातूरकडंही दिसते. अंगभर एकसारखा गडद लाल रंग, आणि कमी चाऱ्यावर तग धरण्यात हिचा हात धरणारं कमी. ज्याच्याकडं दोन-चार एकर कोरडवाहू आहे आणि कडब्यावरच दिवस काढायचेत त्यानं आधी हिच्याकडं बघावं. मार्गशीर्षात माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत लाल कंधारी आणि देवणी दोन्ही एका जागी बघायला मिळतात.

डांगी हा वेगळाच प्रकार. इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, अकोले, पालघरचा डोंगराळ भाग आणि गुजरातचा डांग, म्हणजे जिथं पाऊस चार महिने सुट्टी घेत नाही. पांढऱ्यावर काळे नाहीतर तांबडे ठिपके-पट्टे, अंग आटोपशीर. हिच्या पाठीवरनं तळहात फिरवून बघा, हाताला तेलकट लागतं, कातडीतनंच तसा स्राव येतो म्हणून पावसाचं पाणी अंगात मुरत नाही, ओघळून जातं. खूर काळे आणि गारगोटीसारखे कठीण, भात खाचरातल्या चिखलातही टिकतात आणि डोंगरातल्या दगडावरही. त्या पावसात संकरित गाय बांधली तर निम्मा पावसाळा खुरांच्या आणि फुफ्फुसाच्या दुखण्यात जातो. घोटीच्या बाजारात आणि राजूरच्या प्रदर्शनात डांगी बघायला मिळते.

विदर्भात गवळाऊ, वर्ध्याकडं आर्वी-आष्टी-कारंजा भागात आणि मध्य प्रदेशात शिवनी, छिंदवाडा, बालाघाटकडं. पांढरी, चेहरा लांबट, डोळे बदामी, शिंगं आखूड, बैल पळायला हलका. नंद गवळी समाजानं ही जपली. वर्धा जिल्ह्यात हेटीकुंडीला सरकारी फार्मही आहे. गडचिरोली-चंद्रपूरकडची कठाणी २०२३ च्या सुरुवातीला जातींच्या राष्ट्रीय यादीत आली. कोकणात कोकण कपिला, लहानखुरी, चढउताराच्या कातळावर चरणारी, दूध दिवसाला दोन लिटरच्या आसपास पण खाणंही तेवढंच. गोव्यात पांढऱ्या रंगाची श्वेतकपिला. कोकणात गीर आणून हौस करण्याआधी या दोघींना एकदा गोठ्यात जागा देऊन बघा असं माझं कळकळीचं सांगणं आहे.

मग गीर, साहिवाल आणू नको का?

आणा, पण समजून आणा. गीर सौराष्ट्राची, कपाळ घुमटासारखं फुगीर, कान लांब आणि गुंडाळलेल्या पानासारखे, वशिंड मोठं. साहिवाल पंजाबची, अंग तांबूस-तपकिरी, भरदार. देशी गायीत दुधाला याच दोघी पुढं, वेताला सरासरी दोन हजार किलोच्या वर जातात. पण ही सरासरी चांगल्या गोठ्यातली आहे हे विसरू नका. "२० लिटरची गीर" असा व्हिडिओ बघून गाडी भरून सौराष्ट्रात जायचं, तिथं घाईत दोन गायी घ्यायच्या, शेकडो किलोमीटर आणायच्या, आणि मग पाणी बदललं, चारा बदलला, वासरू प्रवासात दगावलं की गाय पान्हाच सोडत नाही. देशी गायीत पान्ह्याचा वासराशी संबंध फार घट्ट, वासरू गेलं की बऱ्याच गायी आटतात. महाराष्ट्रातच जन्मलेली, इथल्या हवेला रुळलेली गीर कालवड किंवा पहिल्या वेताची गाय मिळाली तर ती जास्त भरवशाची.

डेअरी चालवायची तर एचएफ का जर्सी?

रोज डेअरीला दूध घालून घर चालवायचं असेल तर संकरित गायीला आज पर्याय कमी आहे, हे देशीवर प्रेम असूनही सांगायला पाहिजे. एचएफ म्हणजे होल्स्टिन, तिच्या क्रॉसला दूध जास्त पण फॅट साडेतीनच्या आसपास, उन्हाळा सोसत नाही. जर्सी क्रॉसला दूध कमी पण फॅट साडेचार-पाचकडं जातं, अंग लहान त्यामुळं चाराही कमी लागतो. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हात शेडला उंची, हवा आणि दिवसभर पाणी नसेल तर एचएफ घेऊच नका, मे महिन्यात दूध निम्म्यावर येतं आणि गाय माजावरही येत नाही. विदेशी रक्त साधारण निम्म्याच्या आसपास ठेवावं असं तज्ज्ञ म्हणूनच सांगतात. राहुरी कृषी विद्यापीठानं केलेली फुले त्रिवेणी हे संकरित गायीचं एक नावाजलेलं उदाहरण, होल्स्टिन, जर्सी आणि गीर तिघींचं रक्त एकत्र. गोचीड तापाची भीती मात्र संकरितला जास्त, त्यामुळं गोठा गोचीडमुक्त ठेवण्याचा खर्च हिशोबात धराच.

ए-टू दुधाचं काय?

दुधातल्या बीटा केसीन या प्रथिनाचे दोन प्रकार, ए-वन आणि ए-टू, आणि फरक फक्त एका अमिनो आम्लाचा, ६७ व्या जागेवरच्या. आपल्या देशी गायी आणि म्हशी बहुतेक ए-टू. पण ए-वन दुधानं आजार होतात हे सिद्ध झालेलं नाही, युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं २००९ मध्ये सगळा अभ्यास तपासून तसा संबंध दाखवता येत नाही असंच म्हटलं. त्यामुळं तिप्पट भावाची स्वप्नं बघून गोठा उभा करू नका, आधी गिऱ्हाईक बांधा. देशी दुधाला चव आहे, विश्वासाचं गिऱ्हाईक आहे, तेवढ्यावर धंदा होतो.

बाजारात जनावर तपासायचं कसं?

आधी दात. पुढचे दात फक्त खालच्या जबड्यात असतात, आठ. दुधाचे दात पडलेले नसतील तर आदत. पहिली जोडी आली की दुसा, वय साधारण दोन-अडीच वर्षं. चार आले की चौसा, तीन-साडेतीन. सहा दाती साधारण चारला, आणि आठही आले की जुळला, साडेचार-पाच वर्षांचा. त्यानंतर झीज बघून अंदाज करायचा. शिंगाच्या वळ्या मोजून वय सांगणाऱ्यावर जाऊ नका, वळ्या कानसनं घासता येतात, दात घासून तरुण करता येत नाहीत.

मग कास. दुभती गाय बाजारात आणताना एक-दोन वेळा धार न काढता कास तुंबवून आणायची सवय काही जणांना असते, बघणाऱ्याला वाटतं काय भरलीय. म्हणून आदल्या दिवशी संध्याकाळी मालकाच्या गोठ्यावर जा, समोर पूर्ण धार काढायला लावा, ते दूध मोजू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी आणि संध्याकाळी मोजा, तेच खरं. धार काढल्यावर कास रिकाम्या पिशवीसारखी मऊ पडली पाहिजे, कुठं गाठ किंवा कडक लागलं तर दगडी (कासेचा दाह) होऊन गेलेली असू शकते. चारही सडांच्या पहिल्या दोन-दोन धारा काळ्या कापडावर घ्या, बारीक कण किंवा चिकट तार दिसली की तिथंच थांबा. गाभण म्हणून विकत असतील तर डॉक्टरला घेऊन जा, तीन महिन्यांच्या पुढची गाभण हातानं कळते, तोंडी भरवशावर पैसे देऊ नका. सांसर्गिक गर्भपाताची रक्ततपासणीही करून घ्या, तो रोग माणसालाही होतो.

बैलाला चालवून बघा, उभं करून नुसतं बघून काही कळत नाही. चार पाय सारखे पडतात का, मागचा पाय ओढतो का, खांद्यावर जुवाचा जुना घट्टा आहे का, आणि तो घट्टा हात लावल्यावर दुखतो का. अंगावरचे केसांचे भोवरे बघून भाव पाडणारे-चढवणारे भेटतील, भोवऱ्यानं जनावराच्या ताकदीत काही फरक पडत नाही.

कानातला १२ अंकी पिवळा बिल्ला बघायलाच पाहिजे. १ जून २०२४ पासून महाराष्ट्रात बिल्ल्याशिवाय खरेदी-विक्री आणि वाहतूक करता येत नाही, आणि व्यवहार झाल्यावर मालकाचं नाव ऑनलाइन नोंदीत बदलून घ्यायला विसरू नका.

शुद्ध जात टिकवायची तर?

कृत्रिम रेतन करताना कांडीवरचा (वळूचं वीर्य असलेली नळी) वळूचा नंबर आणि जात स्वतः वाचा आणि वहीत लिहून ठेवा, तारखेसकट. हे केलं नाही तर तीन वर्षांनी त्याच वळूच्या पोरीला त्याच वळूची कांडी जाते आणि वासरं कमजोर निघायला लागतात. गावचा वळू असेल तर दोन-अडीच वर्षांनी दुसऱ्या गावाशी अदलाबदल करा. खिलारला गीरची कांडी, देवणीला साहिवालची असले प्रयोग करू नका, दूध थोडं वाढेल पण बैल जाईल आणि पुढच्या पिढीला धड एकही जात राहणार नाही.

नवीन जनावर घरी आणल्यावर?

विकणाऱ्याकडनं आठवडाभर पुरेल एवढा त्याचाच चारा आणि पेंड विकत घ्या, आणि आपला चारा रोज थोडा थोडा मिसळत न्या. बाकीच्या जनावरांपासून दोन-तीन आठवडे वेगळं बांधा, लाळ-खुरकूत, लम्पी, फऱ्या, घटसर्पाच्या लसी कधी झाल्यात ते विचारून लिहून घ्या. पहिले दोन दिवस दूध कमी निघालं तर घाबरून पेंड वाढवू नका, पाणी पुढ्यात ठेवा, शक्यतो एकाच माणसानं धार काढा, आणि वासरू तिच्या नजरेसमोर बांधा.