संत्रा तुटल्यावर, मृग लागण्याआधी : साठीनंतरच्या जोडप्यांनी युरोपातील वसंताचे नियोजन कसे करावे

विदर्भातील शेतकरी कुटुंबाला वर्षातून एकदाच खरी सवड मिळते. कापसाची शेवटची वेचणी आटोपलेली असते, तूर आणि हरभरा बाजार समितीत पोचलेला असतो, मृग बहाराचा संत्रा मार्चअखेरपर्यंत तुटून गेलेला असतो आणि खरिपाची पेरणी अजून दोन महिने दूर असते. हीच सवड युरोपातील वसंत ऋतूशी नेमकी जुळते. आपल्याकडे पारा ४३-४४ अंशांकडे झेपावत असताना नेदरलँड्समध्ये भर दुपारी १३-१४ अंश असतात आणि एप्रिलच्या उत्तरार्धात रात्री पावणेनऊपर्यंत उजेड राहतो. पुढील मार्गदर्शन साठी ओलांडलेल्या, पण रोज बांधावरून दोन-चार किलोमीटर सहज चालणाऱ्या जोडप्यांसाठी आहे.

पहिल्या खेपेस आम्ही उभयता एका सहल कंपनीबरोबर गेलो होतो. ११ दिवसांत ७ देश, रोज पहाटे बॅगा खोलीबाहेर आणि दिवसाचे सहा-सात तास बसमध्ये, असा तो कार्यक्रम होता. घरी परतल्यावर फोटो दाखवताना कोणते गाव कोणत्या देशातले, हे दोघांनाही सांगता येईना आणि पाय मात्र न चालता सुजले होते. दुसऱ्या खेपेस आम्ही स्वतःच आखणी केली : २४ दिवस आणि फक्त तीन मुक्काम. ज्यांचे पाय अजून धड आहेत त्यांनी देशांची संख्या कमी करावी आणि एका गावी किमान सहा रात्री राहावे, असे माझे त्यानंतरचे ठाम मत आहे.

तारीख आणि मुक्काम

तारीख ठरवताना विमानाच्या स्वस्त तिकिटाआधी फुलांचा आणि बर्फाचा हिशेब करावा. युरोपातील वसंत सखल, उबदार खोऱ्यांतून सुरू होऊन हळूहळू उंचावर चढतो, म्हणून आपला प्रवासही त्याच क्रमाने ठेवावा. आमचा क्रम असा होता : एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात ऑस्ट्रियातील वाखाउ खोरे, त्यानंतर नेदरलँड्स आणि एप्रिलअखेर स्वित्झर्लंडच्या दऱ्या. हा क्रम उलटा केला तर आल्प्समध्ये बर्फाने बंद झालेल्या पायवाटा भेटतात आणि ऑस्ट्रियात पोचेपर्यंत फुले झडून गेलेली असतात.

वाखाउ हे डॅन्यूब नदीचे मेल्क ते क्रेम्स हे सुमारे ३५ किलोमीटरचे खोरे असून २००० साली ते जागतिक वारसा यादीत गेले. व्हिएन्नाहून रेल्वेने सव्वा तासाच्या आसपास पोचता येणारे क्रेम्स मुक्कामाला सोयीचे पडते. नदीकाठचा रस्ता जवळजवळ सपाट असल्याने सायकलीने किंवा पायी एकेक गाव निवांत करता येते. ड्युर्नश्टाइन येथील पडक्या किल्ल्यावर इंग्लंडचा राजा पहिला रिचर्ड ११९२-९३ मध्ये कैदेत होता. तिथवरची चढण अर्ध्या तासाची आहे, मात्र उतरताना गुडघे बोलू लागतात. मार्चअखेर ते एप्रिलच्या मध्यापर्यंत हे खोरे जर्दाळूच्या पांढऱ्या बहराने भरून जाते. संत्र्याच्या बागेत आयुष्य गेलेल्या माणसाला तिथे परके वाटत नाही. माझी पत्नी एका झाडाखाली वाकली, पडलेली फुले तळहातावर घेऊन त्यांचे देठ तपासले आणि म्हणाली, "अहो, याले बी गळ लागते वाटते!" बागवानाला आमची भाषा कळली नाही, पण हातावरची फुले कळली. त्याने आभाळाकडे बोट दाखवले आणि अंग थरथरवून दाखवले. बहराच्या वेळी रात्री दव गोठले की ते लोक बागेत शेकोट्या आणि धूर करून झाडे जपतात. आमचा आंबिया बहार, म्हणजे संत्र्याचा हिवाळ्याअखेरचा फुलोरा, उन्हाने गळतो, त्यांचा थंडीने.

नेदरलँड्ससाठी लायडन गाव घ्यावे. ॲम्स्टरडॅमपेक्षा ते शांत आहे आणि स्किपोल विमानतळावरून आगगाडीने सुमारे २० मिनिटांत येता येते. लिसे येथील कॉयकेनहॉफ हे ३२ हेक्टरचे उद्यान मार्चच्या तिसऱ्या आठवड्यापासून मेच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंतच उघडे असते. तिथे दरवर्षी सुमारे ७० लाख कंद लावतात आणि ट्यूलिपचा भर साधारणपणे एप्रिलच्या मध्यापासून पुढे येतो. तिकीट वेळ नोंदवून आधी ऑनलाइन काढावे आणि सकाळची पहिली वेळ घ्यावी, कारण अकरानंतर उद्यानात फुलांपेक्षा माणसे अधिक दिसतात. मला मात्र उद्यानापेक्षा बाहेरची कंदांची शेते अधिक आवडली, कारण ती खरी शेती आहे. तिथल्या सायकलमार्गांवर चौकाचौकांत क्रमांकांचे फलक असतात. घरून निघताना पाच-सहा क्रमांक कागदावर लिहून घेतले की नकाशाची गरज उरत नाही. ज्यांनी वीस वर्षे सायकल चालवली नाही त्यांनी गावातच महिनाभर सराव करावा आणि तिथे विजेवर साथ देणारी सायकल भाड्याने घ्यावी, कारण देश सपाट असला तरी समोरून येणारा वारा घाटासारखा दमवतो. २७ एप्रिल हा तेथील राजाचा वाढदिवस असतो. त्या दिवशी गाड्या आणि रस्ते तुडुंब भरतात, तेव्हा त्याआधीच निघावे. ईस्टरच्या तीन-चार दिवसांतही सर्वत्र गर्दी आणि बंद दुकाने असतात.

तिसरा मुक्काम स्वित्झर्लंडमधील लाउटरब्रुनेन. लायडनहून तिथवरचा प्रवास रेल्वेने दिवसभराचा आहे. सुमारे ८०० मीटर उंचीवरील या दरीत वसंतात बर्फ वितळून कड्यांवरून धबधबे कोसळत असतात. त्यांतील श्टाउबबाख २९७ मीटरचा आहे. गावापासून श्टेखेलबर्गपर्यंतची सहा-सात किलोमीटरची वाट जवळजवळ सपाट असून वाटेतच डोंगराच्या पोटातून कोसळणारे ट्रुमेलबाखचे दहा धबधबे लागतात. उंचावरील पायवाटा जूनपर्यंत बर्फाखाली असतात आणि काही रज्जुमार्ग एप्रिलमध्ये दुरुस्तीसाठी बंद ठेवतात. म्हणून चढाईचे बेत करू नयेत, दरीत भरपूर चालावे. ३४५४ मीटर उंचीवरील युंगफ्राउयोखला रेल्वे थेट नेते, परंतु तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांशच असतो. चिखलदरा सुमारे ११०० मीटर उंच आहे, यावरून अंदाज यावा. हृदयाचा त्रास असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते तिकीट काढू नये आणि इतरांनीही वर गेल्यावर पहिला अर्धा तास लग्नातल्या वरमाईच्या चालीने चालावे.

कागदपत्रे

हे तिन्ही देश शेंगेन करारात असल्याने एकच व्हिसा पुरतो. ज्या देशात सर्वाधिक रात्री राहणार त्या देशाकडे अर्ज करायचा असतो आणि रात्री समसमान असतील तर ज्या देशात प्रथम उतरणार त्याच्याकडे. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. निर्णयाला साधारणपणे १५ दिवस लागतात, पण क्वचित ४५ दिवसही लागू शकतात. उन्हाळ्याच्या तोंडावर भेटीची वेळ मिळणे कठीण होते, म्हणून एप्रिलच्या प्रवासासाठी संक्रांतीच्या सुमारास अर्ज झालेला बरा. जून २०२४ पासून व्हिसा शुल्क ९० युरो आहे, अर्ज स्वीकारणाऱ्या व्हिसा केंद्राचा सेवा आकार वेगळा. परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने मुदत असलेला, दोन कोरी पाने असलेला पासपोर्ट आणि किमान ३०,००० युरोंचा प्रवासी वैद्यकीय विमा बंधनकारक आहे. विमा घेताना रक्तदाब किंवा साखर लपवू नये. हप्ता थोडा वाढतो, पण लपवलेल्या आजारावरून दावा फेटाळला जाण्याची पाळी येत नाही.

आपल्या भागातील खरी अडचण नावांची आणि उत्पन्नाच्या पुराव्याची असते. पत्नीचे आधारवर एक नाव, बँकेत दुसरे आणि शाळेच्या दाखल्यावर माहेरचे तिसरे, हा घोळ पासपोर्टच्या अर्जाआधी निस्तरावा, त्याला दोन-तीन महिने सहज जातात. साठीपुढील अर्जदारांना नवीन पासपोर्टच्या शुल्कात १० टक्के सवलत मिळते, ती घ्यावी. शेतीचे उत्पन्न करमुक्त असल्याने अनेकांनी आयकर विवरणपत्र कधी भरलेलेच नसते, आणि व्हिसा अधिकारी तर प्रथम तेच पाहतात. अशा वेळी सातबारा उतारा, बाजार समितीच्या हिशेबपट्ट्या, निवृत्तिवेतनाची कागदपत्रे आणि बँकेचे मागील सहा महिन्यांचे व्यवहार जोडावेत. सातबाऱ्याचे इंग्रजी भाषांतर सोबत द्यावे. अर्जाच्या आदल्या आठवड्यात खात्यात एकदम मोठी रक्कम भरू नये, त्याने शंका वाढते. संत्र्याचे पैसे आलेले असतील तर व्यापाऱ्याची पावती जोडून तसे स्पष्ट लिहावे. सहलीचे संपूर्ण पॅकेज घेतल्यास विक्रेता उगमस्थानी कर गोळा करतो. तो परत मिळवायचा असेल तर त्या वर्षाचे विवरणपत्र भरावेच लागते.

बोटांच्या ठशांबद्दल वेगळे सांगणे आवश्यक आहे. व्हिसा केंद्रात ठसे द्यावे लागतात. शिवाय १२ ऑक्टोबर २०२५ पासून युरोपच्या सीमेवर टप्प्याटप्प्याने सुरू झालेल्या नव्या नोंद पद्धतीत प्रथम प्रवेश करताना ठसे आणि चेहऱ्याचे छायाचित्र घेतात. ज्यांचा अंगठा रेशन दुकानातील यंत्र घेत नाही अशा शेतकरी स्त्री-पुरुषांनी दोन आठवडे आधीपासून रात्री बोटांना तेल चोळावे आणि चुन्याचे, मातीचे काम टाळावे. पत्नीचे ठसे आमच्या पहिल्या भेटीत उमटले नाहीत आणि दिवस वाया गेला.

शरीर आणि बॅग

आमचा भाग सपाट काळ्या मातीचा. त्यामुळे आपल्याला चालायची सवय असते, पण उतरायची नसते. तीन महिने आधीपासून पाटाच्या पाळीवर रोज पाच किलोमीटर चालावे आणि महिन्यातून दोनदा रामटेकच्या गडासारख्या पायऱ्या चढून मुख्यतः उतरण्याचा सराव करावा. बूट नवे कोरे नेऊ नयेत, जुन्या शहरांतील दगडी फरसबंदी नव्या बुटाला दया दाखवत नाही. औषधे मूळ वेष्टनात, औषधाचे मूळ नाव लिहिलेल्या चिठ्ठीसह आणि हातातल्या बॅगेत ठेवावीत. इन्शुलिन कधीही सामानाच्या कक्षात देऊ नये, तिथे ते गोठू शकते. घड्याळाचा फरक मार्चच्या शेवटच्या रविवारनंतर साडेतीन तासांचा असतो, त्यानुसार गोळ्यांच्या वेळा डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्याव्यात.

युरोपच्या फलाटांवर हमाल नसतो आणि गाडीत चढायला पायऱ्या असतात, म्हणून जी बॅग स्वतः छातीपर्यंत उचलता येत नाही ती नेऊच नये. आम्ही संत्र्याची कॅरेट मोजायच्या काट्यावर बॅग ठेवली तर ती १९ किलो भरली. उघडून पाहिले तेव्हा त्यात सहा किलो फराळ होता. शेवटी ती १२ किलोंवर आणली. दूध आणि मांस यांपासून बनलेले पदार्थ युरोपीय संघात प्रवाशाला नेता येत नाहीत, त्यामुळे तूप, पेढे, खव्याचे लाडू घरीच ठेवावेत. संत्री प्रमाणपत्राशिवाय चालत नाहीत. भाजणी, फल्लीदाण्याची चटणी, जवसाची चटणी, तिखट-हळद आणि तूरडाळ एवढे पुरे. तांदूळ, भाज्या, दही सर्वत्र मिळते. मुक्काम स्वयंपाकघर असलेला घ्यावा, मात्र शेगडी इंडक्शनची असण्याची शक्यता असते आणि तिच्यावर ॲल्युमिनियमचे भांडे तापत नाही. ऑस्ट्रियात आणि स्वित्झर्लंडमध्ये रविवारी बहुतेक दुकाने बंद असतात, तेव्हा शनिवारीच भाजी आणावी. नळाचे पाणी पिण्याजोगे असते. बाटल्यांवर पैसे घालवू नयेत.

पैशांबाबत एकच सांगतो. कार्ड यंत्रात घालताना रुपयांत की युरोत असा प्रश्न पडद्यावर आला तर नेहमी युरो, आणि स्वित्झर्लंडमध्ये फ्रँक निवडावे. रुपये निवडल्यास दर फार वाईट लागतो.

घरची व्यवस्था

मुंबईला विमानाच्या किमान एक दिवस आधी पोचावे. रेल्वे उशिरा धावली म्हणून विमान थांबत नाही. परतीची तारीख मेच्या पहिल्या आठवड्यापलीकडे नेऊ नये, नाहीतर लग्नसराईतले रुसवे आणि खरिपाची वखरणी एकदमच अंगावर येते. परतल्यावर चार दिवस तरी दुपारी वावरात जाऊ नये, कारण १४ अंशांतून ४४ अंशांत आलेले शरीर ऊन सोसत नाही.

सर्वांत जिकिरीचा भाग बागेच्या पाण्याचा. शेतीपंपाची वीज कधी दिवसा, कधी रात्री येते आणि आंबियाची फळे नेमकी याच दिवसांत पाण्याच्या ताणाने गळतात. शिवाय सालदाराचे, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्याचे, साल गुढीपाडव्याला बदलते. नव्या सालदाराला बाग सोपवून आठवडाभरात निघून जाणे धोक्याचे आहे, कारण कोणत्या झाडाला किती पाणी लागते हे त्याला अजून ठाऊक नसते. जाण्याच्या वर्षी जुन्याच सालदाराला पाडव्याच्या महिनाभर आधी गाठावे, थोडे वाढवून देऊन त्याच्याशी पुढच्या सालाचे बोलून घ्यावे आणि मगच विमानाचे तिकीट काढावे.