मुका 'के' आणि त्याचं कुटुंब
भाचीच्या डिक्टेशनच्या वहीत गुडघ्याचं स्पेलिंग नुसतं एन-डबल-ई उतरलं होतं. ऐकलं तसं लिहिलं, तिचं काय चुकलं! अशा वेळी एकेक शब्द दहादा गिरवून घेऊ नका. अप्पा बळवंत चौकातून शंभर पानी वही आणा आणि एका पानावर एकच अक्षरजोडी ठेवा. पहिलं पान 'के-एन'चं: नी, नाइफ, नॉक, विणायचं निट, गाठीचं नॉट. नाइट मात्र दोन. सरदाराला 'के' आहे, रात्रीला नाही.

जुन्या इंग्रजीत हा 'के' चक्क उच्चारला जायचा. 17व्या शतकाच्या सुमारास तो बोलण्यातून गळला, स्पेलिंगमध्ये राहिला. जर्मनमध्ये अजून ऐकू येतो: गुडघा म्हणजे 'क्नी', गाठ म्हणजे 'क्नोटन'. पुण्यात जर्मन शिकणारं कुणीतरी शेजारीपाजारी सापडतंच, त्यांच्याकडून म्हणवून घ्या. मग पाठ करताना मुलांना मुद्दाम 'क-नाइफ', 'क-नॉक' म्हणू द्या. वर्गात तेवढं म्हणायचं नाही, हे आधीच बजावा. आमच्याकडे ब्रेडला बटर लावताना सगळेच आता 'क-नाइफ' मागतात.

दुसरं पान 'डब्ल्यू-आर'चं: लिहायचं राइट, चुकीचं राँग, मनगटाचं रिस्ट.