वृक्षलागवडीत या चुका टाळा: माळ, सडा आणि वाळलेली रोपं

पहिला पाऊस पडला की टेकड्यांवर खड्डे, फलक आणि फोटो. दोन वर्षांनी त्याच टेकडीवर पुन्हा तेच. रोपं मेली की खापर पाण्यावर फुटतं, पण बऱ्याचदा चूक कुदळ उचलण्याआधीच झालेली असते: जागा ओळखण्यात.

मोकळी दिसते म्हणून ओसाड समजणं

ही सगळ्यात महागडी चूक. सोलापूर, नगर आणि पुण्याच्या पूर्वेकडची माळरानं सरकारी कागदावर ‘पडीक’. प्रत्यक्षात वीतभर माती, खाली मुरूम आणि जेमतेम पाऊस, त्यामुळे तिथे झाडं मुळातच विरळ. कुसळी, पवन्या, मारवेल ही गवतं तिथली खरी वनस्पती. त्यावर चिंकारा, लांडगा, खोकड जगतात आणि धनगरांच्या मेंढ्याही. चंडोल आणि धाविक हे पक्षी उघड्या जमिनीवर अंडी घालतात. शेजारी झाडांची रांग उभी राहिली की कावळ्यांना आणि शिकारी पक्ष्यांना टेहळणीची आयती जागा मिळते. माळढोक तर दाट झाडीच्या वाटेलाच जात नाही. सावली वाढली की गवत हटतं, मग चाराही.

ओळखायचं कसं? जुने खुंट शोधा. खुंट आणि त्यांना फुटलेले धुमारे दिसले तर ते तुटलेलं जंगल आहे. तिथे खड्डे खणण्यापेक्षा चार-पाच वर्षं चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी पाळा. जमिनीखाली जिवंत मुळं असतात, ती कुठल्याही रोपापेक्षा जोमाने वर येतात. खुंट नाहीत, फूटभर खणल्यावर मुरूम लागतो आणि गावातले म्हातारे ‘इथं कायम गवतच’ म्हणतात, तर तो माळ. तिथे गवताचं बी पडल्यावरच, म्हणजे दिवाळीनंतर, कापणी करा आणि चराई आळीपाळीने ठेवा.

सह्याद्रीतल्या आणि कोकणातल्या सड्यांचंही, म्हणजे कातळी पठारांचंही, तेच. २०१२मध्ये जागतिक वारसा यादीत गेलेलं साताऱ्याजवळचं कास असो की रत्नागिरी-सिंधुदुर्गातले सडे, जांभ्या कातळावर माती काही सेंटिमीटर. पावसाळी डबकी आणि गेंद, सीतेची आसवं, दीपकाडी ही रानफुलं, हे सगळं त्या पातळ थरावर उभं आहे. जेसीबीने चर मारले की पाण्याची वाट बदलते. खड्ड्यात बाहेरची माती भरली की तिच्यासोबत तणाचं बी येतं. सड्यावर झाड लावूच नये.

‘लवकर वाढतं’ म्हणून लावणं

गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया), सुबाभूळ, ऑस्ट्रेलियन बाभूळ: सगळी परदेशी. पुण्याच्या टेकड्यांवर गिरिपुष्पाची गर्दी पाहिली की या निकषाचं फळ कळतं. ते नुसतं छाटून उपयोग नाही, बुंध्यातून दुप्पट फूट येते. लहान रोपं पावसाळ्यात, माती ओली असताना मुळासकट उपटा. मोठी झाडं एका दमात तोडू नका. उतार उघडा पडला की माती वाहते. टप्प्याटप्प्याने विरळणी करा आणि मोकळ्या जागेत स्थानिक झाडं आणा. ‘देशी’ एवढ्यावरही भागत नाही. कोरड्या दख्खनी उतारावर धावडा, सालई, खैर, पळस. घाटाच्या ओल्या बाजूला ऐन, किंजळ, हिरडा, जांभूळ. वड-पिंपळ तीन-तीन मीटरवर लावणाऱ्यांनी एकदा जुन्या वडाखाली उभं राहून वर बघावं.

खड्डा आणि रोप

खड्डा ४५ सेंमी लांब-रुंद-खोल, एप्रिल-मेमध्ये खणून तापू द्या. वरची माती वेगळी ठेवा आणि भरताना घमेलंभर कुजलेल्या शेणखतात मिसळून तळाशी घाला. माती वीतभर भिजल्यावरच लागवड. पिशवी ब्लेडने चिरून पूर्ण काढा आणि तळाशी गुंडाळलेली मुळं कापा. न कापल्यास ती गोलगोलच फिरत राहतात. लहान पिशवीतलं सहा फुटी रोप फोटोत छान दिसतं, जगतं मात्र दोन-तीन फुटी. खोडाचा मुळाजवळचा भाग पुरू नका.

बिघाड कधी दिसतो, त्यावरून कारण सापडतं:

- ऑगस्टमध्ये पानं पिवळी, माती चिकचिकीत: खड्ड्यात पाणी तुंबलंय. उताराच्या बाजूने लहानसा चर काढा.
- नोव्हेंबरमध्ये पानांची टोकं करपतात: मुळं खड्ड्याबाहेर गेलेली नाहीत. तीन-चार बोटं जाड गवताचं आच्छादन घाला, ते खोडाला टेकू देऊ नका. डिसेंबर ते मे आठवड्याला १०-१५ लिटर पाणी सावकाश, किमान दोन उन्हाळे.
- रोप हलकं ओढताच हातात येतं, साल कुरतडलेली: वाळवी किंवा हुमणी. पुढच्या वेळी खड्ड्यात पाव किलो निंबोळी पेंड मिसळा.

शिळ्या बियांचे बीजगोळे

जांभळाच्या बीची उगवणक्षमता काही आठवड्यांतच झपाट्याने उतरते. गेल्या वर्षीच्या बिया मातीत घालून केलेले गोळे म्हणजे नुसती माती. खाल्लेल्या जांभळाची बी लगेच रुजवा. बाभळीचं बी टिकतं, पण कवच कठीण; उकळत्या पाण्यात टाकून भांडं खाली उतरवा आणि दिवसभर तसंच भिजू द्या.

वणवा आणि मोजणी

‘जाळलं की गवत चांगलं येतं’ या समजापायी फेब्रुवारीनंतर उतार पेटतात आणि कोवळी रोपं आधी जातात. पावसाळा सरला की लागवडीभोवती जाळरेषा काढा: तीन मीटर रुंद पट्टा, गवत तासून बाहेर काढलेलं. जगलेली रोपं ऑगस्टमध्ये मोजू नका, तेव्हा सगळंच हिरवं असतं. तिसऱ्या उन्हाळ्याच्या अखेरीस, मेच्या शेवटी मोजा. मेलेल्या रोपांच्या जागी तीच जात लावण्याआधी दोन-चार खड्डे उकरून मुळं कुठे अडली ते पाहा.