मरणाच्या कडेला उभा नायक : एकांकिका लिहिणाऱ्यांसाठी

राज्य नाट्य स्पर्धेच्या नागपूर केंद्रावर असो की कॉलेजच्या गॅदरिंगला, विदर्भातल्या शेतकऱ्यावर लिहिलेल्या संहितेत एक शेवट पुन्हा पुन्हा येतो. नायक अंधारात निघून जातो, दिवे विझतात, विंगेतून किंकाळी येते. टाळ्या पडतात, पण समोर बसलेल्यांपैकी कुणाच्या घरात ही गोष्ट खरोखर घडलेली असू शकते आणि कुणी आज स्वतःच त्या कडेला उभा असू शकतो. म्हणून ही संहिता जास्त काळजीने बांधायची. तशी बांधली की नाटक म्हणूनही ती जास्त पकड घेते.

आधी एक निवाडा करा : तुमचा नायक बलिदान देतोय की खचलाय? श्रीहर्षाच्या ‘नागानंद’ या संस्कृत नाटकातला राजपुत्र जीमूतवाहन, गरुडाचा घास ठरलेल्या शंखचूड नागाच्या जागी स्वतः वधशिळेवर जातो. वाचणारा जीव समोर आहे, त्याची आई रडते आहे, वेळ उरलेला नाही. नायकाचे आईवडील आणि बायको शेवटी त्याच शिळेपाशी पोहोचतात, म्हणजे किंमत कोण मोजतो हेही नाटक दाखवतं. कागदावर तीन प्रश्न लिहा. नेमका कोण वाचतो? दुसरे कोणते उपाय करून झाले? आणि आत्ता दुसरी वाट सापडली तर नायकाला आनंद होईल का? तिसऱ्याचं उत्तर ‘नाही’ आलं, तर ते बलिदान नाही. ती निराशा आहे, आणि ती निराशा म्हणूनच लिहावी लागेल.

आपल्याकडे इथेच सगळ्यात मोठी चूक होते. ‘मी गेलो तर घरच्यांना मदत मिळेल, कर्ज फिटेल’ हा नायकाच्या मनातला हिशोब लेखक खरा मानतो आणि मरणाला त्यागाचा मान देतो. तो हिशोब पात्राला मांडू द्या, पण रंगमंचावर कुणीतरी तो खोडलाच पाहिजे. कर्ज वारसांकडे येतं. सरकारी मदतीसाठी प्रकरण पात्र की अपात्र याची चौकशी बसते आणि त्या चौकशीत उत्तरं बायकोला द्यावी लागतात. सातबारा नावावर करण्यासाठी तिचेच खेटे होतात. आधीच विधवा असलेली शेजारीण हे सगळं शेतात निंदण करताना सहज बोलून गेली, तर तीन मिनिटांत काम होतं. वकिली भाषण लागत नाही.

खचलेल्या मनाची चाल समजून घ्यायची तर सुंदरकांडातला हनुमान वाचा. लंका पालथी घालूनही सीता सापडत नाही. मग तो मनातल्या मनात साखळी जोडत जातो : ही बातमी नेली तर राम जगणार नाही, मग लक्ष्मण, मग भरत, मग सुग्रीव. प्रत्येक कडी आधीच्या कडीतून निघते आणि शेवटी स्वतः संपावं असं त्याला वाटू लागतं. जगलं तरच काही भलं हाती लागेल, असा विचार त्याच साखळीतून डोकं वर काढतो आणि मग त्याला अजून न शोधलेली अशोकवाटिका दिसते. साखळी तुटते ती एवढ्याशा जागेवर. तुमच्या नायकालाही अशी एक न शोधलेली जागा हवी, आणि ती पहिल्या पाच मिनिटांतच प्रेक्षकाला दिसून गेलेली हवी.

आता ३५ मिनिटांची मांडणी. समजा नामदेव काटोलकडचा संत्रा बागायतदार आहे. आंबिया बहाराची फळं गळताहेत, झाडांवर कोळशी, म्हणजे काळी बुरशी, आहे, व्यापारी सौद्यातून मागे हटलाय.

पहिली ८ मिनिटं त्याला कामात दाखवा. त्याची थट्टा, त्याचा हट्ट, कलम बांधण्यातला त्याचा हात. सुरुवातीपासून रडका नायक असला तर पुढचं काहीच लागत नाही.

८ ते १८ मध्ये जग आक्रसतं. एकच मोठा धक्का नको, लहान लहान चार द्या. खुणा खऱ्या असू द्या : झोप उडणं, ‘माझं ओझं झालं तुम्हाला’ असं बोलणं, जपलेल्या वस्तू वाटणं, उधारी चुकती करत सुटणं, आणि बऱ्याच दिवसांच्या घालमेलीनंतर अचानक शांत होणं. ही शांतता घरचे ‘आता बरा झाला’ म्हणून घेतात. तालमीत नटाला इथे हळूच हसायला सांगा. प्रेक्षकाच्या पोटात गोळा येतो.

१८ ते २० हा नाटकाचा कणा. कुणीतरी सरळ विचारतं. ‘नामदेवभाऊ, खरं सांगा, मरायचं मनात येऊन राहिलं का तुमच्या?’ विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो ही भीती चुकीची आहे. उलट कोंडलेला माणूस बोलू लागतो. प्रश्नानंतर पूर्ण १० सेकंद शांतता ठेवा. नट ती खाऊन टाकतात, म्हणून संहितेतच लिहा. विचारणारा उपदेशक नसावा. ‘बायकापोरांचा विचार कर’ हे वाक्य त्याच्या तोंडी आलं की नायक पुन्हा बंद होतो, कारण त्यांचाच विचार करून तो इथवर आलेला असतो.

२० ते ३० ती रात्र. मरायची इच्छा अखंड नसते. ती वर येते, ओसरते, पुन्हा येते. नायकाला भूक लागू द्या, चिडू द्या, फळगळीवरून वाद घालू द्या. मधे शेजारी घरातल्या धोक्याच्या वस्तू गुपचूप आपल्याकडे नेतो, तेही दिसू द्या.

शेवटची ५ मिनिटं सकाळ. पाऊस, कर्जमाफीची बातमी, परतलेला व्यापारी यांतलं काहीही आणू नका. कर्ज तसंच आहे. उरलेला माल नागपूरच्या कळमना बाजारात न्यायचाय आणि तिथल्याच सरकारी मेडिकल कॉलेजच्या मानसोपचार विभागात जायचंय, सोबत शेजारी आहे. एवढं पुरतं.

साधन, पद्धत, जागा, चिठ्ठीचा मजकूर यांतलं काहीही रंगमंचावर किंवा संवादात नको. मोझार्टच्या १७९१ च्या ‘द मॅजिक फ्लूट’ या संगीतिकेत पापागेनो जीव द्यायला निघतो आणि तीन मुलं त्याला त्याच्याजवळच्याच जादूच्या घंटांची आठवण करून देतात. त्याच्याच नावाने ओळखला जाणारा परिणाम २०१० च्या ऑस्ट्रियातल्या अभ्यासाने मांडला : संकटातून सावरलेल्या माणसांच्या बातम्या जिथे आल्या, तिथे त्यानंतर आत्महत्यांचं प्रमाण घटलेलं दिसलं. तपशीलवार आणि वारंवार केलेल्या वर्णनाचा परिणाम उलटा होतो. ‘सुटला बिचारा’ सारखं वाक्य एखाद्या पात्राच्या तोंडी हवंच असेल, तर त्याच प्रसंगात त्याला उत्तर मिळू द्या.

कायद्याची एक जुनी चूक अजून दिसते : जीव द्यायच्या प्रयत्नातून वाचलेल्या नायकाला हवालदार ‘केस करीन’ म्हणून दरडावतो. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार असा माणूस तीव्र ताणाखाली होता असं गृहीत धरलं जातं आणि त्याच्यावर उपचारांची जबाबदारी सरकारची असते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत आत्महत्येच्या प्रयत्नाला गुन्हा ठरवणारं, भारतीय दंड संहितेतलं जुनं ३०९ कलमही नाही. प्रसंग आजचा असेल तर हे बदला.

नायकाचं काम करणाऱ्या नटाला रोज तोच प्रवेश दोनदा करायला लावू नका. तालमीनंतर १० मिनिटं राखून ठेवा : कपडे बदलणं, स्वतःच्या नावाने हाक, चहा, इतर गप्पा. एखादा नट स्वतःबद्दल काही बोलू लागला तर तालीम थांबवा आणि त्याचं ऐका.

प्रयोगाआधी विषयाची सूचना माईकवरून द्या. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक तिकिटाच्या मागे आणि दारावर ठळक छापा. तो २४ तास, मोफत चालतो आणि मराठीत बोलता येतं. पडदा पडल्यावर सभागृहातले दिवे हळूहळू आणा आणि मंडळीतले दोघं दाराशी थांबवा. कुणी रेंगाळलं तर त्यांच्याशी बोलायला ते लागतात.