राखडीचा पंप जोडायला बसण्याआधी

राजेहो, साधा पाण्याचा पंप पाण्यात कालवलेल्या राखडीत घालायचा विचार असेल तर सोडा. नागपूरजवळच्या कोराडी-खापरखेड्याच्या कोळशाच्या वीज केंद्रांची राखड हाताला मऊ लागते, पण इम्पेलर, म्हणजे पंपातलं फिरणारं पातं, कानशीने घासल्यासारखं खाते. फिरत्या रोलरने नळी बॉडीला दाबत, पिळत माल पुढे ढकलणारा पंपच करा. त्यात राखड फक्त नळीच्या आतून जाते, बाकी कशाला शिवत नाही.

नट-बोल्ट, पाने, वायर हे सांगत बसत नाही. नळी जाड घ्या, आतून नैसर्गिक रबराची. इतवारीच्या बाजारात स्वस्त पीव्हीसी नळी पुढे केली तर परत करा, कारण पिळल्यावर जी पुन्हा फुगत नाही ती माल ओढतही नाही.

आता क्लॅम्प. नळीची दोन्ही टोकं बॉडीला क्लॅम्पने आवळायची, माल आत येतो त्या बाजूला दोन. रोलर दर फेरीला नळीला स्वतःबरोबर ओढतो. टोक ढिलं असलं की नळी इंचाइंचाने आत सरकते, गोळा होते आणि रोलरखाली फाटते. मागच्या खेपेला माझं हेच राहिलं; अंगणभर राखड झाली. बॉडीच्या काठाशी नळीवर ऑइलपेंटची रेघ मारा. रेघ आत गेली की मोटर बंद, क्लॅम्प पुन्हा आवळा. चोंदलेली नळी मोकळी करायला पंप उलटा फिरवता येतो, पण मग ओढही उलटी होते. म्हणून दुसऱ्या टोकालाही क्लॅम्प. नुसती तार गुंडाळून भागत नाही!

रोलरला सीलबंद बेअरिंग, कडा गोल केलेल्या. नळीची भिंत ५ मिमी असेल, म्हणजे दोन भिंती मिळून १०, तर रोलरखालची फट ८ ते ८.५ मिमी ठेवा. जास्त पिळली तर नळी लवकर जाते. कमी पिळली तर माल फटीतून मागे येतो आणि तिथेच आतून रबर खरवडतो. गिअरची मोटर, फेरे कमी. गाडीच्या वायपरची मोटर सतत चालवायला नाही, जळते. नळीला बाहेरून ग्लिसरीन लावा, इंजिन ऑइल नको, त्याने रबर फुगतं. क्लॅम्पच्या जागी मात्र ग्लिसरीन पुसून काढा, नाहीतर आवळूनही घसरेल.

टाकी पंपापेक्षा उंच, आत येणारा पाइप आखूड आणि रुंद. बाहेरच्या पाइपला व्हॉल्व्ह नको. बंद राहिला तर नळी फुटते. रोलरवर जाळी, वायरिंगला एमसीबी, म्हणजे जास्त करंट आला की आपोआप पडणारा स्विच. मे महिन्यात सगळं सावलीत. क्लॅम्प पाहिले ना? खाली घमेलं, हाताशी जादा नळी. बंद करण्याआधी साधं पाणी फिरवा, सिमेंट मिसळलं असेल तर लगेच.