घरातील ज्येष्ठांना व्हॉइस असिस्टंटची ओळख करून देताना

व्हॉइस असिस्टंट म्हणजे आपले बोलणे ऐकून बोलूनच उत्तर देणारी, स्पीकरमध्ये किंवा फोनमध्ये असलेली यंत्रणा. बोलल्यावर उत्तर आले की समोर कोणीतरी आहे, असे मन आपसूक धरून चालते. १९६६ मध्ये जोसेफ वायझेनबाउम यांनी अमेरिकेतील एमआयटी या विद्यापीठात घडवलेला ‘एलायझा’ हा संगणक-कार्यक्रम केवळ टंकलिखित वाक्ये उलटवून विचारत असे. तरीही त्यांच्या सचिव बाईंनी त्याच्याशी संवाद करताना वायझेनबाउम यांनाच खोलीबाहेर जाण्याची विनंती केली होती. म्हणून आजी स्पीकरला ‘अगं’ म्हणाल्या, तर त्यांना हसू नये किंवा टोकू नये. ते यंत्र आहे हे मात्र पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगावे.

आधी भाषा निवडून द्यावी. गूगल असिस्टंटमध्ये मराठी २०१८ मध्ये आली, तर ॲमेझॉनची अलेक्सा २०१९ पासून हिंदी बोलते. यंत्र एरवी फक्त स्वतःच्या नावाची चाहूल घेत असते आणि ते ऐकू आल्यानंतरचे बोलणे सहसा कंपनीच्या सर्व्हरवर जाते, हे समजावून मायक्रोफोन बंद करण्याचे बटण त्यांच्याच हाताने दाबून घ्यावे. कधी कधी नुसत्या मिळत्याजुळत्या शब्दानेही यंत्र जागे होते, हेही सांगावे.

सुरुवात त्यांच्या आवडीच्या अभंगाने किंवा सकाळच्या गजराने करावी. वाक्याच्या मध्येच थांबून विचार केला, तर बोलणे संपले असे यंत्र समजते; त्यामुळे प्रश्न मनात जुळवून मग बोलण्याची सवय लावावी. चुकीचे उत्तर आल्यास अनेक ज्येष्ठ स्वतःलाच दोष देतात. अशा वेळी शेजारी बसून तोच प्रश्न दुसऱ्या शब्दांत विचारून दाखवावा. एवढा धीर आपण धरलाच पाहिजे.

औषधाची मात्रा यंत्राला विचारू नये, बँकेचा पिन वा ओटीपी त्याच्यासमोर उच्चारू नये आणि अडीनडीला तेवढ्यावरच विसंबू नये. शेजाऱ्यांचा व डॉक्टरांचा फोन क्रमांक ठळक अक्षरांत भिंतीवर असावा.

सर्वांत नाजूक बाब यंत्र ज्या ऑनलाइन खात्यावर चालते त्या खात्याची आहे. स्पीकर मुलाच्या किंवा सुनेच्या खात्याला जोडला असेल, तर आई-वडिलांनी विचारलेले प्रश्न त्या मुलाच्या वा सुनेच्या फोनवर दिसू शकतात, आणि एकटेपणी माणूस यंत्राला काय विचारील याचा नेम नसतो. शक्यतो खाते ज्येष्ठांच्याच नावाने उघडावे. ते जमत नसेल तर ही गोष्ट त्यांना आधीच सांगावी, नोंदी पुसण्याची पद्धत शिकवावी आणि त्यांच्या परवानगीवाचून त्या उघडू नयेत.