जलरंग मळकट का होतात? या चुका टाळा

जलरंग शिकताना सर्वांत जास्त कागद वाया जातात ते चित्र मळकट झाल्यामुळे. मग दोष रंगांना दिला जातो आणि महागड्या ट्यूब घेतल्या जातात. खरी गडबड बहुतेकदा पाण्याची आणि घाईची असते.

सगळ्यात घातक सवय म्हणजे अर्धवट सुकलेल्या वॉशला, म्हणजे पाणी घालून पसरलेल्या रंगाच्या पातळ थराला, पुन्हा हात लावणं. आकाश रंगवलं, एक कोपरा फिका वाटला, म्हणून दोन-चार मिनिटांनी पाण्याने भरलेला ब्रश तिथे टेकवला. नवं पाणी रंगाचे कण पुढे ढकलत नेतं आणि कडेला साचवतं. सुकल्यावर तिथे फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी दातेरी कड उमटते.

त्यासाठी कागदाची चमक वाचायला शिका. बोर्ड डोळ्यांच्या पातळीला तिरपा धरून बघा. आरशासारखी चमक असेल तर रंग बिनधास्त सोडा. चमक मंदावली की ब्रशमध्ये कागदावरच्यापेक्षा कमी पाणी आणि जास्त रंग हवा. चमक गेली, पण बोटांच्या मागच्या बाजूला कागद गार लागतोय, म्हणजे आत ओल आहे. तेव्हा ब्रश खाली ठेवा. डाग पडलाच तर लगेच घासू नका. पूर्ण सुकू द्या, मग स्वच्छ ओल्या ब्रशने कड हलकेच भिजवून टिश्यूने टिपा. डाग पूर्ण जाईलच असं नाही, पण कड नक्की मऊ होते.

दुसरी चूक पॅलेटवर होते. जांभळा हवा म्हणून कॅडमियम रेड (लाल) आणि अल्ट्रामरीन (निळा) मिसळलं की तपकिरी चिखल मिळतो, कारण कॅडमियम रेड नारिंगीकडे झुकलेला असतो आणि नारिंगी व निळा एकमेकांना मारतात. त्याऐवजी क्विनॅक्रिडोन रोझ हा निळसर झाकेचा गुलाबी घ्या. ट्यूबवरचे पिगमेंट कोड, म्हणजे आत कोणती रंगद्रव्यं आहेत ते सांगणारे क्रमांक, जरूर वाचा. अल्ट्रामरीनवर पीबी २९ हा एकच कोड असतो. काही ट्यूबमध्ये मात्र तीन-तीन पिगमेंट आधीच मिसळलेली असतात. अशा दोन ट्यूब एकत्र आल्या की रंगाचा जीवच जातो. पाण्याची भांडी दोन ठेवा, एक ब्रश धुवायला आणि एक रंग कालवायला.

चित्र सुकल्यावर पाणचट दिसतं? जलरंग सुकताना फिका होतोच. म्हणून ओला असताना थोडा जास्तच गडद वाटेल इतका लावा आणि आधी त्याच कागदाच्या तुकड्यावर सुकवून बघा. सावल्यांसाठी रंग दुधासारखा पातळ नको, सायीसारखा दाट हवा.

कागद ३०० जीएसएमचा (दर चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा, जाड) घ्या आणि चारही बाजूंनी टेपने बोर्डवर चिकटवा. पातळ कागद पाण्याने फुगतो आणि रंग खळग्यांत साचतो. पेन्सिलची रेघ खोडताना खोडरबर जोरात घासलं तर कागदावरचं सायझिंग, म्हणजे पाणी पटकन शोषू न देणारा लेप, उखडतं. तिथे रंग भसकन शोषला जातो आणि काळपट ठिपका उरतो. रेघ हलकी ठेवा, खोडायचीच असेल तर मऊ, मळता येणारं खोडरबर नुसतं दाबून उचला.